एक ते दोन चक्की बंद

रजेच्या अर्जात 'कारण' म्हणून मी 'पुत्र की निद्रा का निरीक्षण' असं लिहिलं, आणि मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरच्या दफ्तरातले बडे बाबू वामनराव यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वामनराव चष्मा दोनच वेळा काढतात, जेवताना आणि कोणाची तरी रजा नाकारताना. जेवणाची सुट्टी केव्हाच संपली होती.

"दत्तात्रयबाबू, हे काय लिहून राहिले तुम्ही?"

"खरं कारण लिहिलं जी."

"खऱ्या कारणावर कोणाले रजा भेटली का कधी? आजी मारा, मामा मारा, काही तरी शिस्तीत लिहा. झोपेची रजा कोणत्या नियमात बसते?"

झोप माझी नाही, मुलाची आहे, असं मी स्पष्ट केलं. त्यावर ते म्हणाले, "दफ्तरात तर मी रोज तुमचीच पाहून राहिलो." दोन शिपाई हसले. मी हसलो नाही. मी ठरवून आलो होतो. माझी आजी मी दोन वर्षांपूर्वीच एका लग्नासाठी मारली होती आणि ती बिचारी अजून रामाकोन्याला दोन्ही वेळ जेवत होती. यावेळी खोटं लिहायचं नाही, असा माझा निश्चय होता.

कारण खरंच तेवढंच होतं. माझा मुलगा मुकुंद, वय साडेचार, पांढुर्ण्याला, म्हणजे आमच्या गावी, बालमंदिरात जायचा. सकाळी अकरापासून बरा असायचा. पाऊण वाजता जेवायला घरी यायचा, सव्वादोनला परत जायचा, आणि अडीचनंतर जे काही व्हायचं त्याला तिथल्या प्रतिभाबाई 'तमाशा' म्हणायच्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावणं, खदखदा हसणं, सगळ्या मुलांच्या चपला एका रेषेत लावणं, आणि त्या रेषेतली चप्पल कोणी उचलली की स्वतःच्याच मनगटाला चावणं. प्रतिभाबाई वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे अडतीस लेकरं होती आणि मदतीला एकच बाई. त्यांनी मला महिन्याची मुदत दिली. "शेवटच्या शुक्रवारपर्यंत पाहते, भाऊ. मग मात्र नाव कमी करीन. माझ्यानं होऊन नाही राहिलं." मुकुंदाला घेईल असं दुसरं बालमंदिर मला ठाऊक नव्हतं. नाव कटलं असतं तर तो घरीच बसला असता, आणि एकदा घरी बसलेलं असं मूल पुन्हा शाळेत गेल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या वागण्याचं नाव आधीच सांगितलं होतं. ऑटिझम. मी तो शब्द त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतला होता. ही १९८६ सालची गोष्ट. आमच्या गल्लीत तो शब्द कोणी ऐकलेला नव्हता. समोरच्या अंबाबाई, ज्यांना गल्लीतल्या प्रत्येक आजारावर एक उपाय आणि प्रत्येक उपायावर एक अनुभव असतो, त्यांनी एवढंच विचारलं, "गोळ्या किती दिवसाच्या देल्या?" गोळ्या दिल्याच नाहीत म्हटल्यावर त्यांचा डॉक्टरीणबाईंवरचा विश्वास उडाला, आणि त्या संध्याकाळी त्या मीठ-मिरच्या घेऊन मुकुंदाची नजर काढायला आल्या.

मुदत मिळाल्यावर मी पुन्हा नागपूर गाठलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुपारी झोपतो का?"

"नाही. तो थकतच नाही, बाई. पहाटे चारला उठतो तरी थकत नाही."

"थकतो. तुमच्या ओळखीच्या पद्धतीनं थकत नाही, एवढंच. तुमची मुलगी थकली की काय करते?"

स्मिता सहा वर्षांची. ती थकली की साऱ्या जगाला कळतं. आधी पोटात दुखतं, मग वरण पातळ असतं, मग मुकुंदानं तिच्याकडे पाहिलेलं असतं, आणि मग ती तोंडात घास धरून झोपते. कोणी तिला वाईट म्हणत नाही. "झोप आली लेकराले," म्हणतात आणि पांघरूण घालतात.

"बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ती थकली की बसते, हा थकला की धावतो. त्याला थांबायचं असतं, थांबता येत नाही. दोघांचंही लिहून ठेवा. कधी उठले, कधी झोपले, आजूबाजूला काय चाललं होतं, थकल्यावर काय केलं. आणि लिहिलेलं वाचत जा."

हे शेवटचं वाक्य त्या शिष्टाचार म्हणून बोलल्या असाव्यात, असं मला वाटलं.

तर असं ते कारण. वामनरावांनी शेवटी अर्जातला 'निद्रा' खोडून 'अस्वस्थता' केला, "झोप होऊन नाही राहिली म्हणजे अस्वस्थताच ना," म्हणाले, आणि चार आठवड्यांची रजा मंजूर झाली. समासात मात्र लाल शाईनं शेरा मारला, 'लौटने पर प्रतिवेदन प्रस्तुत करें'. माझ्या मुलाच्या झोपेचा अहवाल आता मध्य प्रदेश शासनाला जायचा होता.

मी कामाला लागलो. लांबुडकं रजिस्टर आणलं, पट्टीनं रकाने आखले, मुखपृष्ठावर दोन्ही लेकरांची नावं सुवाच्य अक्षरात घातली. मुकुंदाचा थकवा मोजायला मला एक खास मापही सापडलं होतं. मी रोज बसनं सौंसरला जातो, आणि मला पोचवायला येऊन येऊन मुकुंद कंडक्टरची आरोळी शिकला होता. एरवी तो फार बोलत नाही. पण ताजातवाना असला की स्वच्छ आवाजात म्हणतो, "चला सौंसर, रामाकोना, छिंदवाडा!" थकायला लागला की छिंदवाडा जातो. मग रामाकोना जातं. मग नुसतं 'सौं' उरतं, आणि तेही गेलं की समजायचं, आता चपला. दुपारचं बालमंदिरातल्या मदतीच्या बाईंना विचारून मी रकान्यात लिहू लागलो, 'सकाळी ९, छिंदवाड्यापर्यंत. दुपारी ३, सौं.'

चौथ्या दिवशी रजिस्टरमध्ये एक नवा रकाना दिसला. माझ्या पट्टीनं, माझ्याच लाल शाईनं, पण अक्षर सरलाचं, म्हणजे माझ्या बायकोचं. वर लिहिलं होतं 'वडील'. खाली नोंद, 'सायं. ५. चहा उशिरा झाला म्हणून ओरडले. स्मितालाही ओरडले. पहाटे चारपासून जागे. थकवा.'

शासकीय स्वरूपाच्या कागदात असा हस्तक्षेप मी खपवून घेत नाही. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "थकल्यावर कोण कसं वागते तेच लिहायचं आहे ना? मग घरात तिघंजण आहेत तसे." मी ओरडलो. तिनं तेही लिहिलं.

आठवडाभरात कारण मला सापडलं. आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीपलीकडे शालिकरामची चक्की आहे. गहू, ज्वारी, जे येईल ते दळते, आणि दळताना आमच्या फडताळातल्या कपबशा वाजतात. मुकुंद दुपारी जेवून त्या खोलीत जायचा आणि भिंतीला गाल लावून, डोळे उघडे ठेवून, गप्प पडून राहायचा. बिचारा! आवाजानं हैराण झालेलं लेकरू दुसरं काय करणार? मी लिहिलं, 'भिंतीला चिकटून पडला. झोप नाही. चक्कीचा त्रास.' कोणीही हेच लिहिलं असतं.

मी शालिकरामकडे गेलो. तो भुवयांपासून धोतरापर्यंत पिठानं पांढरा होता. दुपारी एक ते दोन चक्की बंद ठेवशील का, असं मी अत्यंत नम्रपणे विचारलं.

"कायले?"

"आवाजानं पोरगा झोपत नाही."

शालिकरामनं चक्कीचा पट्टा सरळ केला आणि म्हणाला, "बाबू, आपल्या गावात पोळ्याच्या पाडव्याले लोकं सावरगाववाल्यायसंग दगडं खेळतेत. डोस्की फुटतेत, कोणी हूं नाही करत. अन् तुम्ही चक्कीच्या आवाजाले भेऊन राहिले?"

ज्या गावाची गोटमार सगळ्या मुलखात गाजते, त्या गावात शांततेची मागणी करताना माणसानं जरा विचार करायला हवा. पण मी मागे हटणारा नव्हतो. मी गल्लीचा सामूहिक अर्ज करायचं ठरवलं.

अर्ज मी लिहिला तेव्हा त्यात एकच मागणी होती. अंबाबाईंनी अंगठा लावण्याआधी "माह्या लुगड्यावर पीठ उडते, तेही टाका" असं सांगितलं. नत्थूजी, आमचे निवृत्त पोस्टमन, यांनी सहीबरोबर लिहिलं की ज्वारी जाड दळली जाते आणि त्यांच्या दातांना ते सोसत नाही. कोणी म्हणालं चक्कीवाला बिडी पितो, कोणी म्हणालं आधी आपल्या साळ्याचं दळण घेतो. सहाव्या घरी पोचेपर्यंत तो झोपेचा अर्ज राहिलाच नव्हता, ते शालिकरामवरचं आरोपपत्र झालं होतं, आणि सगळ्यात वर पहिली सही माझी होती.

शालिकरामनं ते दोनदा वाचून घेतलं. रागावला नाही, त्याला वाईट वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी चक्कीच्या दारावर खडूनं लिहिलेली पाटी लागली, 'दत्तात्रयबाबूच्या पोराच्या झोपीसाठी चक्की १ ते २ बंद'.

मी जिंकलो होतो. अर्धा तास तसं वाटलंही. मग डोक्यावर डबे घेऊन बायका येऊ लागल्या, पाटी वाचून घ्यायच्या, आमच्या दाराकडे बघायच्या आणि परत जायच्या. जेवणं आटोपून भांडी घासायच्या आत दळण आणायची हीच त्यांची वेळ, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. "घरी बसून पगार खाऊन राहिला, अन् वरून लोकायच्या पोया बंद करून राहिला," हे वाक्य मी खिडकीतून स्वतः ऐकलं. त्यात 'पगार' सोडून सगळं खोटं होतं.

आणि मुकुंद?

एक वाजता गल्ली अशी शांत व्हायची की अंबाबाईंची कोंबडी ऐकू यावी. स्मिता पाच मिनिटांत झोपायची. मीही झोपायचो. मुकुंद मागच्या खोलीत जायचा, भिंतीला गाल लावायचा, मग उठून भिंतीवर थापा मारायचा. पुन्हा गाल, पुन्हा थापा. मग बाहेर येऊन आमच्या, अंबाबाईंच्या आणि दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या चपला रेषेत लावायला घ्यायचा. बालमंदिरातून रोज चिठ्ठी येऊ लागली. 'आज धावला.' 'आज चावला.' 'आज चार मुले रडली.' शनिवारची चिठ्ठी सगळ्यात छोटी होती, 'शुक्रवारचे ध्यानात ठेवा.'

सोमवारी दुपारी मी नोंदी पूर्ण करून रजिस्टर मिटलं. सरलानं ते उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

"हे तुम्ही कधी वाचलं का?"

"मी लिहिलं आहे ते."

"लिहिलं आहे, ते दिसून राहिलं. वाचलं का?"

आता कारकुनाला कोणी असं विचारतं का? बावीस वर्षं मी रजिस्टरं लिहीत आलो. लिहिणं माझं काम, वाचणं वरच्यांचं, आणि तेही वाचत नाहीत म्हणून कारभार सुरळीत चालतो. सरला मात्र बोट ठेवून वाचत होती.

"एक तारीख. चक्की चालू, भिंतीला पडला. दुपारी तीनला रामाकोन्यापर्यंत. दोन तारीख. विजेची लाईन गेली, चक्की बंद. दुपारी सौं. तीन तारीख. चक्की चालू, छिंदवाडा. पाच तारीख, लाईन नाही, चपला." तिनं पान उलटलं. "अन् पाटी लागल्यापासून एक दिवस 'सौं'सुद्धा नाही." तिनं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "त्याले त्रास नव्हता होत जी. तो तिथंच आराम करे. डोये उघडे ठेवून करे, म्हणून तुम्ही झोप नाही लिहिलं."

मी रजिस्टर तिच्या हातून घेतलं. माझंच अक्षर, माझीच लाल शाई. त्या पोराला दिवसभरात एकच जागा सापडली होती जिथं त्याला थांबता येत होतं, आणि ती मी अर्ज करून बंद पाडली होती. मला लाज वाटली. इतकी लाज मला माझी आजी रामाकोन्याच्या लग्नात वामनरावांच्या शेजारी पंगतीला बसली तेव्हाही वाटली नव्हती.

पण वेळ नव्हता. शुक्रवारला चार दिवस होते. मी तसाच चक्कीवर गेलो.

"शालिकराम, चक्की एक ते दोन चालू ठेव."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे. "बंद करा म्हणून सह्या, आता चालू करा म्हणून कोणाच्या सह्या आणल्या?"

"कोणाच्याच नाही. चुकलं माझं."

त्यानं हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाला, "त्या वक्ताले आता दळण नाही येत, बाबू. बायाईनं वेळ बदलली. रिकामी चक्की फिरवू का? दगडाले दगड घासते. महिन्यात दगडाले छिन्नीनं टाकी लावा लागन."

म्हणजे धान्य हवं होतं. मंगळवारी मी घरातला सगळा गहू डोक्यावर घेऊन गेलो. चक्की सुरू झाली, कपबशा वाजल्या, मुकुंदानं भिंतीला गाल लावला आणि अर्धा तास हलला नाही. त्या दिवशी चिठ्ठी आली नाही. बुधवारी ज्वारी नेली. ती पायलीभरच होती, दहा मिनिटांत संपली, आणि चक्की थांबल्याबरोबर मुकुंद उठून बसला. चिठ्ठी, 'आज थोडे धावला.' गुरुवारी घरात दळायला काहीच उरलं नव्हतं. पिठाचे मात्र सात डबे भरले होते. मग मी वर्षाची लाल मिरची नेली.

मिरचीची मशीन वेगळी असते. आवाजही वेगळा असतो. हे मुकुंदाला पहिल्या ठोक्याला कळलं, मला नाही. त्यानं भिंतीपासून गाल काढला. त्यानंतर साऱ्या गल्लीला शिंका आल्या. नत्थूजींना सलग एकवीस आल्या, ते मोजत होते. अंबाबाई डोळ्यांना पदर लावून आमच्या दारात आल्या. नजर काढायला एवढी मिरची लागत नाही, असं त्यांनी मला सुनावलं, आणि मग सरलाला विचारलं, "काय चालू आहे हे, माय?"

सरलानं सांगितलं. रजिस्टर दाखवलं नाही, नुसतं सांगितलं. की तो हट्टी नाही, थकलेला असतो. स्मिता थकली की रडते आणि तिला सगळे कुशीत घेतात, हा थकला की हसतो, धावतो, म्हणून त्याला सगळे मारायला धावतात. की चक्की चालली की त्याला बरं वाटतं. आणि उद्या शुक्रवार आहे. महिनाभरात मी पहिल्यांदाच तिला रडताना पाहिलं, आणि तिचा रकाना रजिस्टरात आखायचं आपल्याला सुचलंच नाही, हे माझ्या लक्षात आलं.

अंबाबाईंनी पदर डोळ्यांवरून काढला. "एवढंच होतं तं आधी कायले नाही सांगितलं? सह्या कायले घेत फिरले हे?"

मी मिरचीचा डबा आणायला चक्कीकडे निघालो.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत प्रतिभाबाई स्वतः मुकुंदाला घेऊन घरी आल्या. गुरुवारी दुपारी त्यानं काय केलं ते त्यांच्या हातावरच्या ओरखड्यावरून दिसत होतं. नाव कमी करायचं ते चिठ्ठीनं नाही, तोंडावर सांगावं, एवढी माणुसकी त्यांच्यात होती. मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"भाऊ, मी..." त्यांनी सुरुवात केली आणि कपबशा वाजू लागल्या.

मी दाराबाहेर डोकावलो. चक्कीपुढे रांग लागली होती. अंबाबाई, नत्थूजींची सून, ज्यांनी मला खिडकीखालून पगार खाणारा म्हटलं होतं त्या बाई, पुढच्या गल्लीतल्याही दोघी. प्रत्येकीच्या डोक्यावर डबा. अंबाबाई रांगेच्या बाजूला उभ्या राहून फौजदारासारख्या सांगत होत्या, "एकदम नका टाकू वं धान्य! सावकाश, सावकाश! दोन वाजेपर्यंत पुरलं पाह्यजे." दारावरच्या पाटीतला 'बंद' शालिकरामनं बाहीनं पुसला होता.

मागच्या खोलीत मुकुंद भिंतीला लागून पडला होता. आधी डोळे उघडे होते. मग, रजिस्टरच्या इतिहासात प्रथमच, ते मिटले. प्रतिभाबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या, आणि सरला त्यांना कानाशी चक्कीचं सांगत होती. सव्वादोनला त्यांनीच त्याला हात धरून नेलं. मागोमाग मीही गेलो आणि बालमंदिराच्या खिडकीखाली उभा राहिलो. यात काही कमीपणा नाही. तीन वाजता आतून स्वच्छ आवाज आला, "चला सौंसर, रामाकोना, छिंदवाडा!" आणि त्यामागे अडतीस पोरं बसमध्ये चढल्यासारखा गोंधळ. मला खिडकीखाली रडू आलं. मी ते मिरचीवर ढकललं.

सुट्टी झाल्यावर प्रतिभाबाई बाहेर आल्या. "ज्या दिवशी लाईन जाईन, त्या दिवशी दुपारून नका पाठवू त्याले. घरीच राहू द्या. चिठ्ठी देत जा म्हणजे झालं."

"चिठ्ठीत कारण काय लिहू, बाई?"

"खरं तेच लिहा. चक्की बंद."

सोमवारी मी कामावर हजर झालो. वामनरावांनी प्रतिवेदन मागितलं. मी हिंदीत एका ओळीत लिहिलं, 'निरीक्षण पूर्ण हुआ। पुत्र स्वस्थ, पिता से त्रुटि हुई।' त्यांनी चष्मा न काढता वाचलं आणि फाईलला लावलं. संध्याकाळच्या बसनं घरी आलो, मागच्या खोलीत शर्ट काढायला गेलो. पलीकडे चक्की चालू होती. मुकुंद भिंतीपाशी बसला होता. त्याला तिथं काय सापडतं ते एकदा पाहावं म्हणून मीही शेजारी बसून भिंतीला गाल लावला. भिंत किंचित थरथरत होती, आणि ते गालातून पार डोक्यात जात होतं.

पुढचं मला रजिस्टरवरून कळलं. सरलाच्या अक्षरात, 'वडील' या रकान्यात नोंद आहे, 'सायं. ६. ओरडले नाहीत. मुकुंदाशेजारी भिंतीला टेकून झोपले. थकवा. उठवले नाही.'